प्रोस्टेटची गोळी आणि मी न सांगितलेल्या गोष्टी

डिसेंबर २०२२. पहाटे तीनच्या सुमाराला लघवीला उठलो आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा बायकोने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, बादली लवंडलेली होती आणि कपाळावरून रक्त येत होतं. चार टाके पडले. "अहो, झोपताना काय घेतलंत तुम्ही?" हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हणालो, "काही नाही."

घेतलं होतं. तळजाईला सकाळी फिरायला जातो तिथे आमच्या कट्ट्यावर माझ्या बसवरचा एक जुना ड्रायव्हर असतो. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं, धार बारीक झालीय, उभं राहून राहून पाय दुखतात, हे मी फक्त त्याला सांगितलं होतं. त्याने खिशातली पट्टी कात्रीने अर्धी कापून मला दिली. "मला महिन्यात फरक पडला, तू पण घे." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण अर्ध्या पट्टीवर औषधाचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, आणि माझ्या बीपीच्या गोळीची त्याला कल्पना नव्हती. त्या रात्री उपास म्हणून मी जेवलोच नव्हतो. रिकाम्या पोटी ती कॅप्सूल घेतली, मागोमाग बीपीची गोळी घेतली आणि झोपलो.

मी पुण्याच्या सिटी बसवर, पीएमटीत कंडक्टर होतो, ३२ वर्षं. २००७ मध्ये पिंपरी-चिंचवडची सेवा आणि आमची एक होऊन पीएमपीएमएल झाली, तरी आमच्या तोंडात पीएमटीच राहिली. कात्रज ते शिवाजीनगर मार्गावर बरीच वर्षं काढली. गर्दीच्या वेळी फेरी लांबली की तास-दीड तास लघवी दाबून धरायची हे रोजचंच. म्हणून मला खात्री होती की हे दुखणं त्या नोकरीने दिलंय आणि आता भोगायचं. पुढे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत खोडून काढलं. लघवी दाबल्याने प्रोस्टेट वाढत नाही. वय आणि पुरुषी हार्मोन यांचा तो खेळ आहे. पन्नाशीनंतर निम्म्या पुरुषांत ती वाढलेली सापडते, ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांत. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती ही ग्रंथी असते, तीच वाढून नळी दाबते. हे कर्करोग नव्हे आणि यातून कर्करोग होतो असंही नाही. पण दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून तपासणी चुकवायची नाही. मी सात-आठ वर्षं चुकवली होती.

टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला खोदून खोदून विचारलं, तेव्हा बायकोसमोरच कबूल करावं लागलं. तिने घरून ती अर्धी पट्टी आणली. कॅप्सूलवर नुसते आकडे होते. शेवटी ड्रायव्हरला फोन लावला आणि नाव कळलं: टॅमसुलोसिन, ०.४ मिलिग्रॅम. बाईंनी चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाल्या, "काका, औषध चुकीचं नाही. तुम्ही ज्या पद्धतीने घेतलंत ती चुकीची आहे."

जानेवारीत तपासण्या झाल्या. त्यांची भीती वाटून किती जण जात नाहीत हे मला कट्ट्यावर कळलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी सात प्रश्नांचा कागद भरायचा असतो: महिनाभरात किती वेळा पूर्ण मोकळं वाटलं नाही, किती वेळा धार तुटली, रात्री किती वेळा उठलात, असे. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. माझे २१ आले. मग पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी पिऊन एका नरसाळ्यासारख्या भांड्यात लघवी करायची, खाली जोडलेलं यंत्र धारेचा वेग मोजतं. खोलीत आपण एकटेच असतो, कुणी बघत नाही. त्या आलेखावर टेकडीसारखा उंचवटा यायला हवा. माझी रेघ लांबच लांब सपाट होती. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग असला तर चांगला, माझा जेमतेम आठ. नंतर सोनोग्राफीत कळलं की लघवी करून आल्यावरही मूत्राशयात ११० मिलिलिटर उरते आहे आणि ग्रंथी ५२ सीसीची झाली आहे. एरवी ती २०-२५ची असते. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणारी पीएसए नावाची रक्ततपासणी झाली, ती ३.२ आली. गुदद्वारातून बोटाने तपासणी अर्ध्या मिनिटात झाली. तिच्या लाजेपायी मी इतकी वर्षं घालवली होती.

डॉक्टरांनी टॅमसुलोसिनच लिहून दिलं, पण घ्यायची रीत समजावून. रोज रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने, ठरल्या वेळी. रिकाम्या पोटी घेतली तर औषध रक्तात जास्त आणि झपाट्याने चढतं, आणि उभं राहिलं की रक्तदाब एकदम खाली येतो. पहिल्या काही दिवसांत हा धोका सर्वांत जास्त. कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही, कारण आतलं औषध हळूहळू सुटावं म्हणून ती तशी बनवलेली असते. बीपीची गोळी त्यांनी सकाळी हलवली, तीही माझ्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून. रात्री उठताना आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. लघवीही रात्री बसूनच करायची. मध्ये चार-पाच दिवस खंड पडला तर परस्पर पुन्हा सुरू करायची नाही, विचारायचं. पहिल्या दिवसासारखी चक्कर परत येऊ शकते.

आणखी एक गोष्ट त्यांनी बायकोला बाहेर बसवून सांगितली, आणि मी ती इथे लिहितोय कारण कट्ट्यावरच्या दोघांनी या एका कारणापायी औषध गुपचूप बंद केलं होतं. या गोळीने संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाऊ शकतं. त्याने इजा होत नाही, औषध बंद केलं की बहुतेक वेळा पूर्ववत होतं. पण आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो आणि कुणाला विचारतही नाही. तसंच, ताकदीच्या म्हणून ज्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या जातात, सिल्डेनाफिल वगैरे, त्या यासोबत परस्पर घेतल्या तर रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. डॉक्टर मात्रा ठरवून देतात, पण त्यांना ठाऊक असायला हवं.

चार-पाच दिवसांत धार सुधारली. रात्री दोनदा उठणं यावर आलो.

ग्रंथी मोठी म्हणून मार्चमध्ये दुसरं औषध जोडलं, ड्यूटास्टेराइड. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करतं, ग्रंथी लहान करत नाही. ड्यूटास्टेराइड ज्या हार्मोनवर ग्रंथी वाढते त्याची निर्मिती रोखतं, त्यामुळे ती हळूहळू आकसते. हळूहळू म्हणजे सहा महिनेही लागतात. दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये असलेलं औषध त्यांनी लिहिलं. घरी जुन्या टॅमसुलोसिनच्या दोन पट्ट्या शिल्लक होत्या, मी त्याही सोबत सुरूच ठेवणार होतो. बायकोने दोन्ही पट्ट्या खिडकीशी नेऊन चष्मा लावून वाचल्या आणि म्हणाली, "अहो, हेच नाव या नवीनवर पण आहे की." दुप्पट मात्रा पोटात जायची राहिली ती तिच्यामुळे. तेव्हापासून आमच्याकडे पट्टी कापून आणत नाहीत. अख्खी आणायची, आणि कंपनी बदलून दिली तर खालचं बारीक अक्षरातलं मूळ नाव जुळवूनच घरात घ्यायची.

माझ्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा सूनबाई भरायची. मे महिन्यात ती गरोदर असल्याचं कळलं आणि मला ड्यूटास्टेराइड सुरू करताना डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य आठवलं. गरोदर बाईने ही कॅप्सूल हाताळायची नाही. आत ड्यूटास्टेराइडचं पातळ औषध असतं, गळलं तर कातडीतून अंगात जातं आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. चुकून हाताला लागलंच तर लगेच साबणाने हात धुवायचे. त्या दिवशी मी डबा तिच्या हातातून घेतला. तोपर्यंत तीच तो भरत होती, एकही कॅप्सूल फुटलेली नव्हती, तिच्या डॉक्टरांनीही काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. तरी नातू सुखरूप हातात येईपर्यंत माझा जीव टांगणीला होता. हे वाक्य मला मार्चमध्येच घरात सर्वांना सांगता आलं असतं. मी सांगितलं नव्हतं, कारण सुनेसमोर प्रोस्टेट हा शब्द उच्चारायचा कसा, हा माझा प्रश्न.

याच औषधामुळे रक्तदानही करता येत नाही, शेवटची गोळी घेतल्यापासून सहा महिने. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. आमच्या मंडळाच्या शिबिरात माझा ड्रायव्हर रांगेत उभा होता, त्याला मीच बाहेर काढला. त्यालाही तेच औषध सुरू झालेलं होतं.

आता त्या रात्रीबद्दल. २८ सप्टेंबर २०२३, अनंत चतुर्दशी. आठवडाभर पाऊस, मला सर्दी, नाक चोंदलेलं, डोकं जड. विसर्जन मिरवणूक मी लहानपणापासून चुकवलेली नाही. सकाळी मेडिकलमध्ये गेलो, "सर्दीवर काहीतरी द्या" म्हणालो. त्यांनी एक पट्टी दिली. मी काय औषधं घेतो ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सर्दीची गोळी, त्यात काय सांगायचं, असं मला वाटलं. सकाळी एक, दुपारी एक, आणि निघताना आणखी एक. अलका चौकात संध्याकाळपासून रात्री दहापर्यंत उभा होतो. ढोल-ताशांत वेळ कळला नाही, त्या गर्दीत लघवीला जाण्याचीही सोय नव्हती. घरी आलो आणि बाथरूममध्ये उभा राहिलो. एक थेंब नाही.

पाण्याचा नळ सोडून बघितला. कोमट पाणी घेतलं. बसून, उभं राहून, चालून आलो. बारा वाजले, एक वाजला. ओटीपोट दगडासारखं, आणि ती कळ अशी की मी भिंतीवर डोकं टेकून उभा होतो. ज्याला लघवी तुंबण्याचा अनुभव नाही त्याला ती वेदना सांगून कळायची नाही. घाम फुटला होता, मला वाटलं आज संपलो. मुलगा रिक्षा शोधायला पळाला. मिरवणुकीमुळे मधले रस्ते बंद, नशीब की आम्ही सहकारनगरात राहतो आणि जवळच्या दवाखान्यात जायला पेठांमधून जावं लागलं नाही. अडीच वाजता तिथल्या तरुण डॉक्टरने नळी घातली. पिशवीत ८५० मिलिलिटर उतरली. मूत्राशय चारशे-पाचशेला भरल्याचं कळवतं. नळीतून लघवी वाहू लागली तसा मी रडलो. दुखण्याने नव्हे, सुटका झाली म्हणून. बायको बाकावर बसून माझा हात धरून होती.

त्या डॉक्टरने नेमका प्रश्न विचारला. "काका, सर्दीचं काही घेतलं?" मुलाने खिशातून पट्टी काढून दिली. त्याने नावं वाचून दाखवली. पॅरासिटामॉल, त्याने काही बिघडत नाही. फिनाइलएफ्रिन, नाक मोकळं करणारं. क्लोरफेनिरामाइन, शिंका आणि पाणी थांबवणारं. फिनाइलएफ्रिन मूत्राशयाच्या तोंडाचा तोच स्नायू आवळतं जो माझं टॅमसुलोसिन सैल करतं. क्लोरफेनिरामाइन मूत्राशयाची दाबून बाहेर टाकण्याची ताकद कमी करतं. रोज रात्री एक औषध घेऊन मी दार उघडत होतो, आणि त्या दिवशी तीन वेळा गोळी घेऊन तेच बंद केलं. वर तासन् तास लघवी धरून उभा राहिलो.

तीन दिवस नळी होती. ती लावून घरात वावरणं, पिशवी लुंगीखाली लपवणं, आलेल्या पाहुण्यांसमोर पांघरूण घेऊन बसणं. या काळातही टॅमसुलोसिन चालूच ठेवलं होतं, कारण त्यानेच नळी काढल्यावर लघवी सुटायला मदत होते. चौथ्या दिवशी नळी काढली आणि दवाखान्यातच पाणी पीत बसवलं. दीड तासाने मोकळी झाली, तेव्हा नर्सबाईंनी मोजून आकडा लिहिला आणि मला घरी सोडलं. नसती झाली तर पुन्हा नळी, आणि मग ऑपरेशनचा विचार.

त्यानंतर मुलाने एक कार्ड करून दिलं. बसच्या पासच्या जुन्या प्लास्टिकच्या पाकिटात ते बसतं. एका बाजूला माझी औषधं मूळ नावाने, मात्रा, वेळ. दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत: प्रोस्टेट वाढलेली आहे, एकदा लघवी अडकली होती, सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नयेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. फॉर्मवर बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी असे रकाने होते. लघवीच्या गोळीचा रकाना नव्हता. आधीचा मी असतो तर सगळीकडे "नाही" लिहून सही केली असती. डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध? पण मी कार्ड काढून समोर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "हे सांगितलंत ते फार बरं झालं, काका."

संबंध होता. बुबुळाचा जो रंगीत पडदा डोळ्याची बाहुली लहान-मोठी करतो, त्यातही तसाच स्नायू असतो आणि टॅमसुलोसिन त्यालाही सैल करतं. मोतीबिंदू काढताना बाहुली मोठी राहावी लागते. ही गोळी घेणाऱ्याची ती नीट मोठी होत नाही, मध्येच आकसते, आणि पडदा ओल्या फडक्यासारखा फडफडतो. सर्जनला आधी माहीत नसेल तर डोळ्याला इजा होऊ शकते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी हे पहिल्यांदा मांडलं. मी विचारलं, "मग चार दिवस गोळी बंद ठेवू?" त्या म्हणाल्या, नको. बंद करूनही हा परिणाम जाईलच असं नाही, अगदी पूर्वी कधी घेतलेली असली तरी तो दिसू शकतो, आणि तुमची लघवी पुन्हा अडकली तर ते वेगळंच. उपाय सर्जनच्या हातात असतो, फक्त तयारीनिशी उभं राहावं लागतं. बाहुली उघडी धरणारे बारीक हूक किंवा कडं जवळ ठेवायचं, आणि गरज पडली तर डोळ्याच्या आत औषध सोडायचं. कुठलं, विचारलं. फिनाइलएफ्रिन.

नाव ऐकून मी खुर्चीतून उठलोच. त्यांना सगळी विसर्जनाची रात्र सांगितली. त्यांनी शांतपणे समजावलं की डोळ्यात अगदी थेंबभर जातं, पोटातून घेतलेल्या तीन गोळ्यांसारखं नव्हे, आणि तिथे पडदा घट्ट करणं हेच तर हवं असतं. तरीही त्यांनी माझ्या कागदावर लाल शाईत नोंद केली आणि लघवीच्या डॉक्टरांना फोन केला. ऑपरेशन नीट झालं. त्या दिवशी कडं वापरावं लागलं, असं नंतर सांगितलं.

एप्रिलमध्ये पीएसए पुन्हा केला, १.६ आला. घरात सगळ्यांना आनंद झाला, निम्म्यावर आला म्हणून. डॉक्टर म्हणाले, ड्यूटास्टेराइड वर्षभर घेतलं की हा आकडा औषधानेच साधारण निम्मा होतो, म्हणून तो दुप्पट करून वाचायचा. म्हणजे ३.२, होता तिथेच. उलट औषध चालू असताना तो वर चढू लागला तर, दिसायला कमी असला तरी, ते गांभीर्याने घ्यायचं. हेही आता कार्डावर लिहिलंय, कारण दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनी नुसता १.६ बघितला तर त्यांची फसगत होईल.

प्रश्नांच्या कागदावर आता माझे नऊ गुण येतात. रात्री एकदा उठतो. संध्याकाळी सहानंतर चहा नाही, आठनंतर पाणी कमी, पण दिवसभरात भरपूर पितो.

गेल्या आठवड्यात कट्ट्यावर एक नवीन गृहस्थ आले. तिसऱ्या दिवशी इतरांपासून बाजूला घेऊन त्यांनी मला हळूच विचारलं, तुमच्याकडे ती लघवीची गोळी आहे का, एक पट्टी द्या. दिली नाही. त्यांच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं, तर नावं माहीत नव्हती. आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सगळ्या पट्ट्या बाहेर काढून बसणार आहोत, त्यांच्या बायकोलाही सोबत बसवणार आहे. लघवीच्या डॉक्टरांची मंगळवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय. मी बरोबर जाणार. येताना लघवी करून येऊ नका, एवढं त्यांना तीनदा बजावलंय.